निद्रावस्त्र, एक नग, न निघणारे

मनुष्यप्राणी दोन गोष्टी कोणी न शिकवता शिकतो : रडणे, आणि अंगावर घातलेले काढून फेकणे. पैकी पहिलीची दखल वैद्यांनी, धर्मांनी आणि शेजाऱ्यांनी फार पूर्वीच घेतली. दुसरीकडे मात्र हजारो वर्षे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. मूल चड्डी काढायचे, आई ती पुन्हा चढवायची, मूल पुन्हा काढायचे, आणि या गोंधळातच पिढ्यांमागून पिढ्या मोठ्या झाल्या. (त्यांचे पुढे काय झाले ते आपण पाहतोच आहोत.)

ही उणीव भरून काढण्याचा मान शहापूर तालुक्याला मिळाला.

किन्हवलीच्या पुढे डांबर संपून खडी सुरू होते, तिथून पाऊण तास चालले की एक पाडा लागतो. त्या पाड्यावरच्या अंगणवाडीत संजीवनीबाई अकरा वर्षे सेविका होत्या. पटावर सतरा मुले, हाताशी लहानी नावाची मदतनीस, वर पत्रा आणि कपाटात एकोणीस रजिस्टरे. मुले सांभाळून उरलेल्या वेळात रजिस्टरे भरायची असतात, अशी त्यांची नोकरीच्या सुरुवातीला समजूत होती. ती वरिष्ठांनी वेळीच दुरुस्त केली.

जानेवारीत 'बालनिद्रा शिस्त अभियान' या नावाने काही मोठी माणसे पाड्यावर आली. मुले दुपारी एक ते अडीच शिस्तीत झोपतात हे त्यांना पाहायचे होते आणि त्यांच्यापुढे बसून फोटो काढायचा होता. पाहुण्यांना शाल घातली. सोळा मुले डोळे गच्च मिटून पडली होती. (डोळे उघडील त्याला चिक्की नाही, असा ठराव लहानीने सकाळीच मंजूर करून घेतला होता.) सतरावी होती भागीची बाळी, वय वर्षे अडीच. पाहुण्याच्या खांद्यावर कपडा घालायचा असतो हे तिने नुकतेच पाहिले होते. ती उठली, आपला झबला डोक्यावरून काढला, आणि कॅमेरा वर व्हायला नि तो झबला प्रमुख पाहुण्यांच्या खांद्यावर पडायला एकच गाठ पडली.

तो फोटो कुठेच छापता आला नाही. अभियानाचे समन्वयक रवींद्र साहेब तिथून गंभीर चेहऱ्याने गेले, आणि तिसऱ्याच दिवशी या प्रश्नाला नाव मिळाले : 'बालकांचे स्वयंनिर्वस्त्रीकरण'. नाव मिळाल्यावर प्रश्नाला वाढायला वेळ लागत नाही. लगेच शहापूर आणि मुरबाडच्या चाळीस पाड्यांवर पाहणी झाली. चौतीस टक्के बालके दहा मिनिटांत कपडे काढतात असे आढळले. नऊ टक्के बालके स्वतःचे काढून झाल्यावर शेजाऱ्याचेही काढतात. एकेचाळीस टक्के घरूनच खालून मोकळी येत असल्यामुळे त्यांनी काही काढले असे म्हणता येईना, म्हणून त्यांचा 'पूर्वनिर्वस्त्र' असा वेगळा वर्ग केला. उरलेली सोळा टक्के पाहणीच्या वेळी रडत होती.

उपाय एप्रिलमध्ये पोत्यातून आला. गळ्यापासून पायाच्या बोटांपर्यंत एकच अखंड पोशाख. चेन पाठीवर, चेनवर झाकण, झाकणावर तीन बटणे. कापड जाड आणि लोकरीसारखे मऊ, वर बर्फात खेळणारी अस्वले. नग सतरा, माप एकच : 'सर्वसाधारण'. सोबत चौदा पानी सूचना आणि दोन नवी रजिस्टरे. पोशाख घातल्याची नोंद 'परिधान' रजिस्टरात करायची, काढल्याची 'विमोचन' रजिस्टरात, आणि नोंद पूर्ण झाल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. अडीचच्या आधी काढणे म्हणजे 'तातडीचे विमोचन'. त्याची कारणे दोन : (अ) लघवी, (आ) इतर. बालकाने पाच मिनिटे अगोदर तोंडी सूचना द्यावी, हेही सूचनांत स्पष्ट होते.

लहानीने एक पोशाख हातात धरून उलटासुलटा केला. "बाई, यात पोरं घालायची का भात भरायचा?"

"घालून बघू," संजीवनीबाई म्हणाल्या. अकरा वर्षांत वरून आलेली कुठलीच वस्तू त्यांनी न वापरता ठेवली नव्हती.

पहिल्या दिवशी सतरा मुलांना पोशाख चढवायला एक तास वीस मिनिटे लागली. त्यामुळे झोपेला दहा मिनिटे उरली. ती घाम पुसण्यात गेली, कारण वर पत्रा होता आणि अंगावर बर्फ फक्त छापलेला होता. दुसऱ्या दिवशी सोळा मानांवर घामोळे आले. (सतरावे मूल मान बघूच देईना.)

आणि दुसऱ्याच दिवशी शाम उठला. शाम दोन वर्षांचा, अजून फारसे बोलत नव्हता. त्याने संजीवनीबाईंचा पदर ओढला. म्हणजे तोंडी सूचना त्याला जमेल तशी दिली. बाईंनी रजिस्टर उघडले, तारीख घातली, बालकाचे नाव, आईचे नाव, वेळ, कारण. कारणाच्या रकान्यात 'अ' लिहून त्या उठल्या तेव्हा पदर सुटलेला होता. शाम उभा होता. रडत नव्हता. आपल्या पायांवरच्या ओल्या अस्वलांकडे खाली मान घालून बघत होता.

अकरा वर्षांत बाईंनी शेकड्यांनी पोरे धुतली, पुसली होती, त्यात त्यांना कधी काही वाटले नव्हते. त्या दिवशी शामचे पाय धुताना मात्र त्यांना त्याच्या तोंडाकडे बघवेना.

तिसऱ्या दिवशी बाळीने मार्ग काढला. लसीकरणाचा तक्ता टांगायला भिंतीत खाली एक खिळा होता. बाळी त्याला पाठ लावून खाली बसली, अंग घुसळून बटणे सोडवली, चेनीची कडी खिळ्यात अडकवली आणि सरळ उभी राहिली. चेन खुली. चार मिनिटांचे काम. शुक्रवारपर्यंत सतराही मुले त्या खिळ्यापाशी ओळीने उभी राहत होती. धक्काबुक्की नाही, रडारड नाही. ज्या शिस्तीसाठी अभियान निघाले होते ती पाड्यावर त्या खिळ्यापाशी प्रथम दिसली.

शनिवारी मोबाईलवर आकडा भरायचा होता : पोशाख स्वतः काढणाऱ्या बालकांची संख्या.

"शून्य लिवा नि मोकळ्या व्हा," लहानी म्हणाली. "समद्या पाड्यांवर शून्यच लिवतात."

संजीवनीबाईंनी शून्यावर बोट नेले. मग उंबऱ्यात बसलेल्या शामकडे त्यांचे लक्ष गेले. त्यांनी 'सतरा' भरले. खाली 'शेरा' असा रिकामा रकाना होता. तिथे लिहिले : 'मुलांनी बरोबर केले.'

आठवड्यात नोटीस आली. सतरा या आकड्याबद्दल कार्यालयाने नापसंती व्यक्त केली होती. पण मुख्य ठपका वेगळाच होता : शेरा या रकान्यात शेरा लिहिणे. आपणांस सेविकापदावरून दूर का करण्यात येऊ नये, याचा खुलासा बाईंनी सात दिवसांत करायचा होता. बाईंनी नोटीस दोनदा वाचली, घडी घालून पोलक्यात ठेवली, आणि त्या दिवशी मुलांना खिचडी वाढताना दोन ताटल्या चुकून रिकाम्याच पुढे ठेवल्या.

खुलाशाच्या आधी साहेबच आले. मोटारसायकलवरून, एकटे, मागे नवे पोते बांधून. आल्या आल्या त्यांनी तो खिळा उपटायला लावला. मग सतरा सुधारित पोशाखांपैकी एक बाहेर काढला. आता चेनीवर घट्ट झाकण होते आणि त्यावर हेल्मेटला असतो तसा चाप. दोन्ही बाजूंनी एकदम दाबायचा आणि वर ओढायचा. तो फक्त प्रशिक्षित प्रौढालाच उघडता येणार होता. प्रशिक्षण पुढच्या महिन्यात मुरबाडला व्हायचे होते. त्या दिवसापर्यंत दोन्ही तालुक्यांत प्रशिक्षित प्रौढ एकच होता, आणि तो समोर उभा राहून ताक पीत होता. (दुसरा पेला.)

बाळीला न्यायला भागी आली होती. कडेला उभी राहून ती सगळे ऐकत होती. तिने विचारले, "साहेब, ह्याच्यात पोरांना गरम नाय होत?"

"अजिबात नाही. अत्यंत आरामदायक आहे."

"मंग तुमच्या मापाचा नाय आणला?"

साहेबांचे तोंड उजळले. आणला होता. प्रदर्शनात टांगायला म्हणून एक मोठ्या मापाचा नमुना पोत्यात होताच. तो त्यांनी शर्टपँटवरूनच चढवला, संजीवनीबाईंनी मागची चेन ओढली, आणि चाप 'टक्' करून बसला. एक वाजून पाच मिनिटे झाली होती. साहेब मुलांच्या रांगेत पाय पसरून बसले आणि आराम या विषयावर बोलू लागले. सहा मिनिटे बोलले. मग थांबले.

"बाई, काढा जरा."

संजीवनीबाईंनी विमोचन रजिस्टर उघडले. "अडीचच्या आधी काढायचं तर कारण लिहावं लागतं, साहेब. अ का आ?"

साहेबांनी दोन पेले ताक आठवले. "अ."

"पाच मिनिटं आधी तोंडी सूचना द्यायची असते. आत्ता एक अकरा झालेत. एक सोळाला काढू."

यात बाईंचा काही दुष्टावा होता असे कोणी म्हणू नये. चौदापैकी नवव्या पानावर हे छापलेले होते, आणि खाली साहेबांची सही होती.

एक सोळाला बाईंनी चाप दाबला. निघाला नाही. लहानीने दाबला, मग भागीने. अस्वलांची लोकर आत अडकली होती आणि झाकणाखाली मोठ्या माणसाचे बोट शिरत नव्हते. साहेबांचे स्वतःचे हात पाठीपर्यंत पोहोचत नव्हते. (पोहोचू नयेत म्हणूनच तो पोशाख तसा होता.)

"कोयता आणू?" भागीने विचारले.

"नको नको! नमुना आहे तो!" साहेब एका पायावरून दुसऱ्या पायावर होत ओरडले. शाम त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला. या प्रसंगाचा अनुभव असलेला तिथे तो एकटाच होता. त्याने साहेबांचे बोट धरले.

तेवढ्यात बाळी मागून आली. एव्हाना साहेब गुडघ्यांवर आले होतेच. तिने आपली करंगळी झाकणाखाली घातली, अडकलेला लोकरीचा पुंजका बाहेर ओढला, चाप दाबायच्या भानगडीत न पडता खाली हिसडला, आणि साहेब मोकळे झाले. बावीस सेकंद. साहेब करवंदीच्या जाळीमागे धावले. (शौचालय आहे, उद्घाटन व्हायचे आहे.)

परत आले तेव्हा बाई लेखणी घेऊन बसल्या होत्या. रकाना होता : विमोचन करणाऱ्या प्रशिक्षित प्रौढाचे नाव.

"तुमचं लिहा की," साहेब म्हणाले.

"मी नाही काढला. बाळीने काढला."

"पण तसं लिहिलं तर पोशाख बालकाने काढला असं होईल! अभियानच बुडेल!"

"मी खरं तेच लिहिते साहेब," संजीवनीबाई म्हणाल्या. त्यांनी लेखणी रकान्यावर टेकवली. "त्याच्यावरच तर नोटीस आलीय."

साहेब पुन्हा मुलांच्या रांगेत जाऊन बसले. ते स्वभावाने वाईट नव्हते, फक्त प्रशिक्षित होते. अखेर त्यांनी खिशातून कोरे प्रमाणपत्र काढले आणि भागीची मुलगी बाळी, वय अडीच, हिने चापमोचनाचे प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केल्याचे लिहून सही केली. आता ती प्रशिक्षित प्रौढ झाली, म्हणजे पोशाख बालकाने काढला नाही, म्हणजे अभियान यशस्वी. बाईंनी रकान्यात खरे नाव लिहिले. चार दिवसांनी नोटीस मागे घेतल्याचे पत्र आले. शेरा हा शेरा नसून टंकलेखनातील चूक असल्याचे कार्यालयाच्या लक्षात आले होते.

पाड्यावर पोशाखाची सक्ती मात्र कायम राहिली. नियमाप्रमाणे तो प्रशिक्षित प्रौढानेच चढवायचा असतो. पाड्यावर प्रशिक्षित प्रौढ एकच, आणि ती एक ते अडीच गाढ झोपलेली असते. तेव्हा रोज नाइलाज होतो. लहानीने चौतीसच्या चौतीस पोशाख उसवून त्यांची एक मोठी गोधडी शिवली. मुले तिच्यावर हवी तशी, हवे ते घालून किंवा न घालता पसरतात. शाम आता बोलायला लागला आहे. त्याचा पहिला पूर्ण शब्द 'सू' हा होता. तो वेळेत उच्चारला गेला आणि वेळेत ऐकलाही गेला.

अभियानाचा अहवाल शंभर टक्के यशाचा निघाल्यामुळे दुसरा टप्पा प्रौढांसाठी घ्यावा असे ठरले. प्रौढांना स्वतःहून काढता येणार नाही असा पोशाख बनवण्यापूर्वी शहापूर, वाशिंद आणि मुरबाड येथे चार हजार फॉर्म वाटले. प्रश्न एकच : 'आजवर आपल्या अंगावर जे जे घालण्यात आले, ते कसे वाटते?' पर्याय दोन : 'आरामदायक' आणि 'अतिशय आरामदायक'. चार हजारांत एकानेही खाली हाताने तिसरा पर्याय लिहिला नव्हता. तेव्हा वरून निर्णय आला की प्रौढांसाठी चाप, चेन, बटण कशाचीच आवश्यकता नाही, तो खर्च वाचवावा.

ज्यांच्यापर्यंत फॉर्म पोहोचू शकला नाही (उदाहरणार्थ, हे वाचणारे आपण), त्यांचा त्यांच्या वतीने भरून पाठवलेला आहे : 'अतिशय आरामदायक'. हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवायचे होते. ती मुदत गेल्या मंगळवारी संपली.