यजमानाच्या अकरा बायका

लोकशाहीचा पाया स्त्रीच्या आवाजावर उभा असतो, असं गंगूअक्का म्हणायची. तिच्या लेखी या आवाजाचं काम एकच होतं: नवऱ्याचं नाव घेणं. चामराजपेटेतल्या आमच्या गल्लीत ती कुठल्याही बाईला भाजीच्या गाडीपाशी गाठायची आणि कमरेवर हात ठेवून फर्मावायची, "घे नाव! स्वल्प जोरात!"

वेड होतं, पण सकारण. मतदारयादीवाला दारात आला की इथल्या जुन्या मराठी घरांतल्या बायका त्याला नवऱ्याचं नाव सांगत नसत. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं. त्या नुसतं "यजमान" म्हणायच्या; कन्नडमध्ये नवऱ्याला तसंच म्हणतात. त्यानेही इमानदारीने तेच लिहिलं. छापून आलेल्या यादीत यजमान नावाच्या एकाच गृहस्थाच्या अकरा बायका निघाल्या. मतदानाच्या दिवशी अकराही जणींना मत न देताच परत पाठवलं. त्यांत गंगूअक्का होती. साठी आली तरी तिने एकदाही मत दिलेलं नव्हतं.

मग ती दारोदार फिरू लागली. मी पुण्याहून इथल्या सरकारी कारखान्यात आलेला इंजिनियर. अक्षर बरं, म्हणून नावदुरुस्तीचे अर्ज ती माझ्याकडून लिहून घ्यायची.

"अय्यो, नाव घेतल्याने आयुष्य घटतं?" ती बायकांना विचारायची. "मी रोज सकाळी सगळ्या मंत्र्यांची नावं घेते. एक तरी गेला काय?"

उपयोग फारसा झाला नाही. शेवंताबाई उखाण्याशिवाय नाव घेईना. कारकुनाने उखाण्याचे पहिले दोनच शब्द टिपले आणि पुढच्या यादीत तिच्या नवऱ्याचं नाव 'चांदीचं ताट' असं आलं. एका पुढाऱ्याने अक्काला शाल पांघरवून नारीशक्ती म्हटलं आणि भाषणभर तिला गौरीअक्का म्हणत राहिला. नव्वदच्या दशकात सरकारं इतक्या वेळा पडली की यादी दुरुस्त होण्याआधी निवडणूक यायची. नाव लागलेल्या बायका विचारायच्या, "मत कुणाला द्यायचं ते यांना विचारून सांगू का?" अक्का तेवढ्यापुरती पायरीवर बसायची. मग उठायची.

"तुमचा अर्ज, अक्का?" मी एकदा विचारलं.

"माझा मी भरते. सरी, समजलं?"

तिचा नवरा वीस वर्षांपूर्वी दावणगिरीला कापड आणायला म्हणून गेला, तो गेलाच. ती त्याबद्दल बोलत नसे. कुंकू मात्र रुपयाएवढं लावायची.

पुढच्या मतदानाला ती बायकांच्या रांगेत सगळ्यांत पुढे होती, मी शेजारच्या रांगेत. अधिकाऱ्याने तिचं नाव मोठ्याने वाचलं आणि पुढे वाचलं, "नवरा, यजमान." एका पक्षाच्या एजंटाने लगेच हरकत घेतली, "हे काय नाव झालं? खरं सांगू दे, मग मत देऊ दे."

"सांगा अम्मा," अधिकारी म्हणाला. शाईची बाटली उघडीच होती.

मागून शेवंताबाई ओरडली, "घे की नाव, अक्का! स्वल्प जोरात!" सगळ्या हसल्या.

अक्काने पुढे केलेलं बोट पदरात घेतलं, वळली आणि कुणाकडे न बघता निघून गेली.

माझी पाळी आल्यावर मी टेबलावरच्या यादीत डोकावलो. दहा जणींचे नवरे दुरुस्त झाले होते. यजमानाला आता एकच बायको उरली होती.