रंकाळा स्टँडचं पावणं

गाडी चालवताना शिवी द्यायची नाही, असं चन्नवीरने आयुष्यात पहिल्यांदाच ठरवलं होतं, आणि तेही गगनबावड्याच्या वळणांवर. प्रश्न लेकीच्या, शांभवीच्या लग्नाचा होता. चन्नवीर, वसीम आणि मल्लेश हे शाळेपासूनचे दोस्त दरवर्षी बावड्याला जाऊन दरीच्या काठावर जेवत. यंदा मल्लेशने शांभवीसाठी आलेल्या स्थळातल्या मुलाच्या काकांनाही बोलावलं होतं, म्हणजे सहज बोलता बोलता माणूस पारखून होईल. मल्लेश कामासाठी आदल्या दिवशीच बावड्याला गेला होता. काकांना रंकाळा स्टँडवरून घ्यायचं काम या दोघांकडे होतं. निघताना चन्नवीरच्या बायकोने, शांतादेवींनी, त्याला तोंड आवरायला बजावलं. काका शाकाहारी म्हणून वसीमला तर मटणाचा डबा घरी ठेवून भरल्या वांग्यावर यावं लागलं होतं, त्यामुळे तो मागे फुगून बसला होता.

स्टँडवर पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ पिशवी धरून उभे होते.

"पावणं, बावड्याला जायाचं न्हवं?"

"त्याच वाटंला की."

चन्नवीरने उतरून स्वतः दार उघडलं आणि त्यांना पुढे बसवलं. आपल्याकडे सोयऱ्यालाही पावणं म्हणतात आणि पत्ता विचारणाऱ्यालाही, हे घाईत कुणाच्या ध्यानात येणार?

वाटेत बालिंगा गावाशी पाहुण्यांनी हात वर केला. त्यांना चहा हवा असेल, असं वाटून चन्नवीरने चहा वरच घेऊ म्हणत गाडी दामटली. पुढे उसाची ट्रॉली आडवी आली, तर हा हसून म्हणाला, "दमलं असंल बिचारं." वसीमने घाबरून त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

वर धुकं दरीतून अलगद चढत होतं. सतरंजी अंथरली, पहिली भाकरी पाहुण्यांना वाढली. स्टँडवरच्या कुणाशी तरी फोनवर बोलत आलेला मल्लेश जागीच थबकला. "ह्ये कोन?"

"तुजंच पावणं की."

"माजं न्हाईत."

पाहुण्यांनी ठेच्याचं बोट चाटलं. "मी बालिंग्याला उतरनार हुतो. पर एवढ्या मानानं नेलासा, मन मोडवंना."

मग चन्नवीरने सकाळपासून गिळलेलं सगळं बाहेर काढलं. मल्लेशला, ट्रॉलीला, खुद्द स्वतःला. दरीनेही एकेक शिवी इमानाने परत केली. थांबला तेव्हा मल्लेशने पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याने फोन पुढे केला. "काका हाईत. स्टँडवर हुभे हाईत. सगळं आयकलंय."

पोरीची सोयरीक आपल्याच तोंडाने मोडली, या विचाराने चन्नवीरला भरून आलं. त्याने कसाबसा फोन कानाला लावला.

"पावणं," काका म्हणाले, "मल्लेश सांगत हुता, तुमी लई गोड बोलताय. गोड बोलनाऱ्याचं आमच्या घराशी कसं जमंल, ह्येचाच घोर लागल्ता. आता मिटला. आईतवारी घरला या बोलनी करायला. आनि मला न्यायला आता कोन येनार हाय, का मी हितंच…"

पुढे काकांनी जो शब्द वापरला, तो ऐकून सोयरीक जमल्याची चन्नवीरला पक्की खात्री पटली.