देवरावांचं ‘काहून’

देवराव हेडमास्तरांना ‘माझं बरं चाललंय’ असं सांगून सुटका नसे. ते लगेच विचारत, “काहून?” मग बरं चालण्याचं कारण शोधता शोधता माणसाचं चांगलं चाललेलंही बिघडे.

स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. मानोऱ्याजवळच्या त्यांच्या शाळेत मी नवखा मास्तर होतो. चौथीत सगळी तांड्यावरची पोरं. मधल्या सुट्टीत जेवायला घरी जात, ती परत येतच नसत. तपासनीस साहेबांनी बजावलं होतं, पुढच्या भेटीत दुपारी वर्ग रिकामा दिसला तर चौथी बंद. म्हणजे पोरांचं शिक्षण तिसरीतच आटोपलं, कारण मानोऱ्यापर्यंत रोज चालणार कोण?

“पोरं आळशी आहेत,” मी निदान केलं.

“काहून? विचारलं काय पोरायले? अन् मास्तर, एका टायमाले एकच गोष्ट बदलवा. भाजीत मीठ-तिखट संगंच वाढवलं, तं बिघडलं कायनं, समजन काय?”

आधी त्यांनी माझी छडी बंद केली. पोरं खूश होऊन घरी गेली. मग गणित सकाळी घेतलं. पोरं गणित उरकून घरी गेली. शेवटी देवराव स्वतःच त्यांच्या मागोमाग तांड्यावर गेले आणि घामाघूम होऊन, पण सोयरीक जमल्यासारख्या चेहऱ्यानं परतले.

“मायबाप वावरात. म्हातारी दुपारी बकऱ्या घेऊन जाते. मंग लहान्या लेकराले कोन पाह्यते? आपली चौथी! त्यायले सांगा, शिदोरी आना अन् लेकरूबी आना.”

तपासनीस साहेब आले तेव्हा दुपारचा वर्ग गच्च भरला होता. देवराव इतिहास शिकवत होते आणि पायाला बांधलेल्या दोरीनं कोपऱ्यातला पाळणा हलवत होते.

“हेडमास्तर, हे काय?”

“हळू बोला साहेब. आत्ताच निजलं.”

साहेबांनी पोरं मोजली, पाळण्याकडे पाहिलं आणि चक्क हसले. चौथी वाचली! मी हुश्श करून भिंतीला टेकलो.

जाता जाता साहेबांनी पाळण्याच्या रंगीत लाकडावरून हात फिरवला. “झकास आहे. कुठून आणला?”

“घरचाच हाय. लग्न झालं तवा बायकोनं हौसेनं करून घेतला होता. रिकामाच होता.”

साहेबांनी पाळण्यावरचा हात अलगद काढून घेतला. ‘काहून’ विचारायची त्या दिवशी कोणाची छाती झाली नाही.

तेवढ्यात बाळ कुरकुरलं. देवराव लगबगीनं पाळण्यावर वाकले.

“काहून रे बापा? काहून?”