बेकेट काउंटीची शोध समिती आणि तिला न सापडलेली बाटली

चांगल्या वस्तू जगात पुष्कळ आहेत आणि स्वस्त वस्तूही पुष्कळ आहेत. पण एकच वस्तू चांगलीही असावी आणि स्वस्तही असावी, ही अवस्था फार नाजूक असते. बनवणाऱ्याच्या ती लक्षात येत नाही आणि पिणारा तोंड उघडत नाही, तोवरच ती टिकते. (पिण्यापुरतं तोंड उघडायला हरकत नाही.) केंटकी राज्यातल्या बेकेट काउंटीत हे सत्य लहानथोर सर्वांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच तिथल्या जाणत्या मंडळींनी ‘चांगल्या व स्वस्त बाँडेड बर्बनचा शोध व प्रादेशिक उपलब्धता समिती’ स्थापन केली.

समितीचे सभासद सात. अध्यक्ष होबार्ट गेन्स हे निवृत्त कर-आकारणी अधिकारी. दुसऱ्याच्या घराची किंमत कुंपणाबाहेर उभं राहून सांगण्याचा त्यांना एकतीस वर्षांचा अनुभव. आकडेवारी मिसेस ओपलीन क्रिस्प यांच्याकडे. त्यांनी हायस्कूलमध्ये गणित शिकवलं आणि निम्मी काउंटी त्यांना अजून घाबरते. नैतिक बाजू सांभाळायला बाप्टिस्ट चर्चचे डीकन एमोस टीटर आहेत. ते दारूला शिवत नाहीत, फक्त चव बघतात. तिघे सभासद हात वर करण्यासाठी आहेत, आणि सातवा व्हर्लिन स्टँपर. सहासष्ट वर्षांचा, शाळेच्या बस दुरुस्त करण्यात जन्म गेलेला, मितभाषी माणूस. समितीत त्याच्याइतकं प्रामाणिक नाक दुसऱ्या कुणाला नाही, असं इतिवृत्तात दोनदा नमूद आहे.

बर्बन म्हणजे मक्याची व्हिस्की, आणि बाँडेड म्हणजे काय, हे तिथे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. एकाच भट्टीची, एकाच हंगामाची, किमान चार वर्षं सरकारी देखरेखीच्या गोदामात पिपात पडून राहिलेली, आणि बाटलीत निम्मा मद्यार्क, निम्मं पाणी. सरकारने सव्वाशे वर्षांपूर्वी कायदा करून हे ठरवलं, कारण तेव्हा लोक दारूत तंबाखूपासून रॉकेलपर्यंत काहीही घालत. म्हणजे सरकारवर विश्वास ठेवून आजवर कुणाचं भलं झालं असेल, तर ते या एका बाटलीत. त्यातही जी पंधरा डॉलरच्या आत मिळते तिच्यासाठी केंटकीचा माणूस शंभर मैल गाडी हाकतो. पेट्रोलचा खर्च हिशेबात धरायचा नाही, असा ठराव समितीने पहिल्याच बैठकीत केला होता.

समितीची कार्यपद्धती आदर्श होती. सभासदाने अशी बाटली शोधायची, सातही जणांनी चव घ्यायची, आणि मग समितीच्या वेबसाइटवर तिचं नाव, किंमत आणि ती कुठल्या राज्यात, कुठल्या दुकानात, कुठल्या फळीवर मिळते, हे लोककल्याणार्थ जाहीर करायचं. सहा वर्षांत सतरा शोध लागले. पहिली बाटली जाहीर झाल्यावर चौदा महिने दुकानात टिकली. दहावी नऊ दिवस. सतरावी चाळीस मिनिटं. (त्यातली पंचवीस मिनिटं गिऱ्हाईक रस्ता चुकलं होतं.) मग तीच बाटली सत्तर डॉलरला परत यायची आणि समिती तिला ‘पूर्वी चांगली व स्वस्त होती’ या परिशिष्टात सन्मानाने दाखल करायची. परिशिष्ट आता मूळ यादीहून मोठं आहे, कारण मूळ यादीत काहीच नाही.

ओपलीनबाईंनी एक नकाशाही केला होता. जिथे बाटली मिळते तिथे हिरवा ठिपका, जिथे मिळत असे तिथे पिवळा. तीन वर्षांत अख्खं केंटकी कावीळ झाल्यासारखं दिसू लागलं. अध्यक्षांनी वार्षिक अहवालात लिहिलं, “समितीच्या प्रयत्नांना राज्यभर यश येत आहे.”

व्हर्लिन हे सगळं मनापासून करी. फक्त एक बाटली त्याने समितीला कधी दाखवली नव्हती.

त्याला कारण होतं. व्हर्लिनचे वडील एझ्रा, वय एक्याण्णव. चाळीस वर्षं त्यांनी त्याच बाटलीच्या गोदामात पिपं गडगडवली होती. आता त्यांना दिवसभर काही उमगत नसे. खुर्चीत बसून ते खिडकीबाहेर बघत, आणि व्हर्लिनने मोजे चढवले तर अदबीने ‘आभारी आहे’ म्हणत, वाण्याच्या दुकानात म्हणावं तसं. पण संध्याकाळी पाच वाजता त्या बाटलीतली बोटभर दिली की पहिल्या घोटाला त्यांच्या भुवया हलत. दुसऱ्याला ते जीभ टाळूला लावून बघत.

“चौथा मजला,” ते म्हणत. “दक्षिणेकडची भिंत. ऊन लागलंय पिपाला.” आणि मग मान वळवून, “व्हर्ल्या! गाढवा, फाटक लावलंस का? गुरं जातील ना रस्त्यावर!”

“लावलं, बाबा.”

“कडी घातलीस?”

“घातली, बाबा.”

गुरं विकून वीस वर्षं झाली होती आणि फाटक तर वादळातच गेलं होतं. पण पुढची पंधरा मिनिटं त्या घरात एक बाप असे आणि एक मुलगा असे. या पंधरा मिनिटांसाठी व्हर्लिन उरलेला दिवस ढकलत होता. दुसऱ्या कुठल्याही दारूने हे होत नव्हतं. त्याने सतराही शोध देऊन पाहिले होते. डॉक्टरांच्या मते याला कसलाही वैद्यकीय आधार नाही. (डॉक्टरांनी स्वतः एक घोट घेऊन हे मत दिलं, आणि मत पक्कं करायला आणखी एक.)

समितीच्या घटनेतलं नववं कलम मात्र कडक होतं. दर एप्रिलमध्ये पशुखाद्याच्या दुकानामागच्या खोलीत सातही जणांनी उभं राहून शपथ घ्यायची : ‘माझ्या माहितीतली एकही चांगली व स्वस्त बाटली मी समितीपासून लपवलेली नाही.’ व्हर्लिन ‘लपवलेली’ या शब्दाशी आला की दरवर्षी त्याला खोकला येई. नवल म्हणजे त्याच क्षणी उरलेल्या सहा जणांनाही येई. ओपलीनबाईंनी नोंद केली होती, ‘एप्रिलमध्ये घशाचे विकार बळावतात.’

आता ही बाटली घ्यायची कुठून, तर काउंटीच्या हद्दीबाहेरून. बेकेट काउंटीत वर्षाला हजारो पिपं दारू बनते, पण विकायला बंदी आहे. मतदारांनी मतपेटीतून तसा कौल दिला आहे, आणि कौल देऊन ते थेट हद्दीवरच्या मिस नडीनच्या दुकानात जातात. या दुकानाचा एक अलिखित शिष्टाचार आहे. तिथे कुणी कुणाला ओळखत नाही. सख्खा भाऊ पुढे उभा असला तरी आपण छताकडे बघायचं. पाद्रीसाहेब दिसले तर ते दिसले नाहीत. रविवारी चर्चमध्ये शेजारी बसून गळ्यात गळे घालणारी माणसं तिथे दोन फुटांवर परकी असतात. तेरी भी चूप, मेरी भी चूप. ही सभ्यता शहरी माणसाला येत नाही.

मिस नडीन स्वतः सांगायची, “मी तीस वर्षं दुकान चालवतेय. आजवर एक माणूस बघितला नाही बाई मी.”

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी दुपारी व्हर्लिन आपली बाटली घेऊन रांगेत उभा राहिला, आणि छताकडे बघता बघता त्याला जे दिसायला नको ते दिसलं. रांगेत सर्वांत पुढे डीकन टीटर, मग ओपलीनबाई, मग हात वर करणारे तिघे, मग खुद्द अध्यक्ष. आणि सहाही जणांच्या काखेत तीच बाटली, चौदा डॉलरची. शिष्टाचारानुसार व्हर्लिनने यातलं काहीही पाहिलं नाही, पण त्याच्या छातीवरचं सहा वर्षांचं ओझं उतरलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे तर सात मुठी होत्या. आता बाबांची बाटली सुरक्षित आहे, अशी त्याची खात्री पटली. त्याला इतका आनंद झाला की समोरच्या अध्यक्षांच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली, पण अध्यक्ष तिथे नव्हतेच.

तेवढ्यात दार ढकलून एक तिशीचा तरुण आत आला. त्याचं नाव ब्राइस, गाव शिकागो. त्याने आल्या आल्या स्वतःचं नाव सगळ्यांना सांगितलं, तेव्हाच दुकानाचा शिष्टाचार मोडला. हातात फोन, आणि फोनच्या पलीकडे त्याचे अडीच लाख प्रेक्षक.

“तुमच्याकडच्या समितीचा नकाशा बघून आलोय,” ब्राइस म्हणाला. “भारी काम आहे! राज्यातलं एक दुकान सोडलेलं नाही त्यांनी. फक्त हे एक. इथे हिरवा नाही, पिवळा नाही, काहीच नाही. म्हटलं, सात माणसं पन्नास मैल लांबची दुकानं धुंडाळतात आणि घराजवळच्या दुकानात एकदाही येत नाहीत, हे कसं?”

ओपलीनबाईंनी गणित शिकवलं होतं, तरी हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

“आणि तुम्ही सगळे तेच घेऊन उभे आहात,” ब्राइस पुढे म्हणाला. “काय आहे हो ते? चांगलं आहे का?”

खरं तर इथे सात डोक्यांनी मिळून एकच थाप मारली असती तर निभावलं असतं. पण त्यासाठी एकमेकांशी बोलावं लागलं असतं, निदान एकमेकांकडे बघावं लागलं असतं, आणि ते त्या दुकानात शक्य नव्हतं. प्रत्येकाने आपल्यापुरतं उत्तर दिलं, कारण बाकीचे तिथे नव्हतेच.

“चांगलं? छे हो!” डीकन म्हणाले. “अंगणात चिचुंद्र्या झाल्यात. बिळात ओततो.”

“फळांचा केक भिजवते मी,” ओपलीनबाई म्हणाल्या. “तोंडाला नाही लावत कुणी.”

एकाने ट्रॅक्टर धुवायला, दुसऱ्याने घोड्याच्या खुरांना, तिसऱ्याने सासूबाईंना लागते म्हणून सांगितलं. अध्यक्षांनी घसा साफ केला. “मी ही परत करायला आलोय.”

“आणि काका, तुम्ही?” ब्राइसने व्हर्लिनला विचारलं.

व्हर्लिनला थाप सुचेना. जन्मभर बस दुरुस्त केलेला माणूस. बिघाड असेल तो बिघाड म्हणून सांगायची सवय. “वडलांना लागते,” तो म्हणाला, आणि लगेच सावरून, “गुडघ्याला.”

ब्राइसने फोन वर केला. त्याचा तर्क साधा होता आणि त्यात कुठेही चूक नव्हती. ज्या बाटलीबद्दल सात म्हातारी माणसं सात वेगवेगळ्या थापा मारतात, ती चांगली असलीच पाहिजे; आणि ती चौदा डॉलरला आहे हे फळीवरच लिहिलं होतं.

शनिवारी मिस नडीनच्या दुकानाबाहेर नऊ राज्यांच्या नंबरप्लेटा लागल्या. सोमवारी फळी रिकामी झाली. पुढल्या आठवड्यात भट्टीने लेबलवर सोनेरी कड घातली, बाटली जाड काचेची केली, किंमत एकोणनव्वद डॉलर केली आणि केंटकीला मिळणारा वाटा न्यू जर्सीकडे वळवला, कारण तिथल्या लोकांना सोनेरी कड आवडते.

समितीने तातडीची बैठक बोलावली. दुकानात काय घडलं याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही; कुणी तिथे गेलंच नव्हतं. नोंद झाली ती एवढीच, की अठरावा शोध लागला असून तो व्हर्लिन स्टँपर यांच्या नावे आहे, कारण ब्राइसच्या चित्रफितीत खरं वाटेल असं बोलणारे तेच एकटे दिसतात. त्यांना प्रशस्तिपत्र देण्यात आलं. ओपलीनबाईंनी शेवटचा पिवळा ठिपका लावला.

अध्यक्ष त्या दिवशी पाचच्या सुमारास व्हर्लिनच्या घरी आले. सोबत दुसऱ्या भट्टीची एकशे वीस डॉलरची बाटली होती, स्वतःच्या पैशाने घेतलेली. “ही देऊन बघ रे,” ते म्हणाले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण एकतीस वर्षं बाहेरून घरं बघितलेल्या माणसाला आतलं थोडंफार कळतं.

व्हर्लिनने बोटभर ओतून बाबांना दिली. एझ्रांनी पहिला घोट घेतला. दुसरा घेतला. मग पेला खाली ठेवून ते व्हर्लिनकडे वळले आणि फार गोड हसले.

“छान होती हो,” ते म्हणाले. “पण अंधार पडायच्या आत निघा आता. घरी वडील वाट बघत असतील तुमची.”

“हो,” व्हर्लिन म्हणाला. “निघतो.” आणि तो तिथेच बसून राहिला. अध्यक्षांनी छताकडे बघितलं. दुकानाबाहेर ही सभ्यता त्यांनी पहिल्यांदाच वापरली.

व्हर्लिनच्या कपाटात जुन्या लेबलच्या दोन बाटल्या शिल्लक आहेत. स्वतःचा घोट त्याने बंद केला आहे. बोटभराच्या मापाने त्या बाबांना पन्नास संध्याकाळी पुरतील. एक दिवसाआड दिली तर शंभर. मधल्या दिवशी घरात एक म्हातारा आणि एक सभ्य पाहुणा असतो.

या हकिगतीत बाटलीचं नाव कुठेही आलेलं नाही, हे चोखंदळ वाचकांच्या ध्यानात आलंच असेल. वाचकांवर आमचा पूर्ण विश्वास आहे. पण म्हाताऱ्याचं वाचून ज्यांचे डोळे पाणावले, आणि ते पुसता पुसता, अमेरिकेतला भाचा दिवाळीला येणार आहे, त्याला नाव कळवलं तर एखादी आणील का, हा विचार ज्यांच्या मनात डोकावून गेला, त्यांनी कृपया हात वर करावा. समितीत सध्या तशा सभासदांची गरज आहे.