लाल पट्टीच्या कुंड्या

अण्णांनी ठरवलं ते एवढंच, की सुनेच्या कुंड्या सुकत चालल्यात, तर त्यांना पेलाभर पाणी घालावं. पेलाभर पाण्यानं कुणाचं काय बिघडणार, असं कुणालाही वाटेल. पण अण्णा म्हणजे बत्तीस वर्षं पाणीपुरवठा कार्यालयात काढलेले गृहस्थ. त्यांनी पाणी सोडायचं ठरवलं आणि कुणाचंच काही बिघडलं नाही, असं त्या बत्तीस वर्षांत एकदाही झालेलं नव्हतं.

कुंड्या बारा. बाराही कुंड्यांत एकाच जातीचं झाड, पुदिन्याच्या भावकीतलं. त्याचं खरं नाव एवढं लांब की उच्चारेपर्यंत चहा निवतो, म्हणून घरात त्याला कडूबाई म्हणत. सून वनस्पतींच्या प्रयोगशाळेत कामाला. झाडातली द्रव्यं वेगळी काढायची, काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर त्यांचा थेंब सोडायचा, मग फ्लूचा विषाणू सोडायचा आणि तो पेशींना चिकटतो की घसरतो ते बघायचं, हे तिचं काम. कडूबाईच्या पानातल्या कडू द्रव्यापुढे तो घसरत होता. घरातल्या एकाही माणसाला त्या द्रव्याचं नाव धड घेता येत नसे, पण ती सांगायला लागली की सगळे जेवायचे थांबत.

अण्णा सोडून. अण्णांचा जन्म ऐकण्यासाठी नव्हताच.

प्रयोगशाळेच्या गच्चीची डागडुजी निघाली म्हणून तिनं कुंड्या घरच्या बाल्कनीत आणल्या. सहा कुंड्यांना लाल पट्टी चिकटवली आणि जेवताना सांगायला घेतलं, "अण्णा, कुंड्यांना हात लावायचा नाही हं. लाल पट्टीवाल्यांना मी मुद्दाम..."

"मुद्दाम!" अण्णांनी वाक्य हवेतच झेललं. "मुद्दाम करण्यावरून आठवलं. आमच्या ऑफिसात एक मुख्य अभियंता होता..."

मुख्य अभियंता पाऊण तास चालला. तोवर सून भांडी घासून झोपायला गेली होती. तिचं अर्धं वाक्य टेबलावर तसंच राहिलं.

ते अर्धं वाक्य असं होतं, की बाकीच्या सहांना नेहमीसारखं पाणी घालून लाल पट्टीच्या झाडांना ती मुद्दाम तहानलेलं ठेवणार होती. पाणी कमी पडलं की काही झाडं चिडतात आणि पानांत कडू द्रव्य साठवायला लागतात. (आपल्यासाठी नव्हे. स्वतःचा जीव वाचवायला. आपण आयत्या बिळावर जाऊन बसतो.) तहानलेल्या कडूबाईच्या पानांत द्रव्य जास्त भरतं का, हे आठ आठवड्यांत दाखवायचं होतं. नाही दाखवलं, तर हे काम बंद, असं तिच्या मोठ्या सरांनी सांगून ठेवलं होतं. या सरांच्या हातून गेल्या दहा वर्षांत सहीखेरीज काही उगवलं नव्हतं, पण बंद करायचा अधिकार त्यांचा होता. आणि सुनेची त्यामागे तीन वर्षं गेली होती.

पहिल्या आठवड्यातच लाल पट्टीवाल्यांनी माना टाकल्या. बाल्कनीतल्या खुर्चीत पेपर वाचणाऱ्या अण्णांचा जीव कळवळला. (पोटच्या पोरासाठी तो कधी कळवळल्याची नोंद नाही.) शिवाय कार्यालयात तातडीच्या फायलीला लाल फीत असायची. बत्तीस वर्षं लाल रंग दिसला की अण्णा खुर्चीत सरळ बसत. पोरगी सकाळी सातला घर सोडते, तिला वेळ होत नसेल, म्हणून तिनं चिकटवलंय: 'तातडीचे'. कुणी सांगायची गरज काय? अनुभव म्हणून काही असतो की नाही?

ती गेली की अण्णा स्टीलचा पेला घेऊन बाल्कनीत. पाणी घातलं की ताटलीत उतरलेलं फडक्यानं पुसून घेत, म्हणजे उपकाराचा बोभाटा नको. सून संध्याकाळी मातीत बोट घालून बघे आणि पुटपुटे, "हवा दमट दिसते."

"फारच दमट," अण्णा पेपराआडून म्हणत.

आठव्या आठवड्यात ती प्रत्येक झाडाची पानं पिशवीत भरून घेऊन गेली. दोन दिवसांनी संध्याकाळी घरी आली ती चप्पल न काढता टेबलाशी बसली. नवरा स्कूटर दुरुस्तीच्या दुकानातून नुकताच आला होता, हातांना ग्रीस तसंच.

"काय झालं गं?"

"लाल पट्टीच्या पहिल्या चार कुंड्या बघितल्या. त्यांच्यात आणि साध्यांत फारसा फरकच नाही. झाडं तहानलेली नव्हतीच रे. उद्या सर बंद करणार."

अण्णांना ठसका लागला. चहा न पिताच.

"अण्णा?" मुलानं विचारलं.

"पाणी घातलं असेल कुणी," अण्णा म्हणाले.

"घरात आपण तिघं. ती नाही. मी नाही."

"हात लावायचा नाही असं सांगितलं होतं. मी हात कुठे लावला? पेला लावला."

सुनेनं डोळे मिटून घेतले. मुलगा मात्र पेटला. "मी शाळेत पहिला आलो तेव्हा काय म्हणालात? कौतुक केलं की पोरं सुस्तावतात. कॉलेज सोडलं तेव्हा महिनाभर बोलला नाहीत. मला कधी अर्धा पेला मिळाला नाही, आणि कडूबाईला रोज सकाळी?"

कोंडीत सापडलं की अण्णा बत्तीस वर्षं जे करत आले तेच त्यांनी केलं. उठले आणि रजिस्टर घेऊन आले.

"हे बघ. बेहिशेबी एक थेंब सोडलेला नाही."

जुन्या डायरीत आठ आठवडे तारीखवार लिहिलं होतं. कुंडी एक, खुर्चीलगत: पूर्ण पेला. दोन: पूर्ण पेला. तीन: पाऊण. चार: अर्धा, पेला संपला. पाच: तळाचे थेंब. आणि सहावी कुंडी वॉशिंग मशीनच्या मागे, तिथवर वाकायला कंबर देत नसे. तिच्यापुढे रोज एकच शेरा: 'टोकाचा ग्राहक. दाब अपुरा. पुरवठा नाही.'

"रोज?" सुनेनं विचारलं. "एक दिवस चुकला नाही?"

"चुकवायला मी काय अभियंता आहे?"

ती चप्पल न काढता आली होती, ते बरंच झालं. डायरी काखोटीला मारून तशीच प्रयोगशाळेत परत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. पाणी जसं कमी होत गेलं, तसं पानातलं द्रव्य वाढत गेलं होतं, पायरीपायरीनं. आणि सहावी कुंडी? जिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, त्या काटकुळ्या झाडाच्या पानांत सगळ्यांत जास्त. त्या पानांच्या थेंबापुढे विषाणू सगळ्यांत जास्त घसरला होता.

"म्हणजे औषध तयार!" अण्णा ओरडले. त्यांना दर पालटत्या हवेला खोकला व्हायचा.

"नाही अण्णा. बशीत घसरला. माणसात अजून काहीच माहीत नाही. आणि सहा कुंड्यांवरून सिद्ध होत नाही, नुसती दिशा कळते. सगळं पुन्हा नीट करायचं. पण सर म्हणाले, करा."

तीन वर्षं हातची जाता जाता राहिली होती, आणि ही पोरगी फोनवर 'सिद्ध होत नाही' म्हणत होती. दुसरं कुणी असतं तर पेढे वाटले असते. बातमी दुकानात पोचली तशी मुलानं गिऱ्हाइकाला थांबवून हे सगळं ऐकवलं. गिऱ्हाइकाला अक्षर कळलं नाही, पण तोही म्हणाला, "ग्रेट बाई आहे." आहेच.

घरी आल्यावर ती अण्णांसमोर उभी राहिली. "अण्णा, माझं एक वाक्य राहिलंय. ऐकणार?"

अण्णांनी तोंड उघडलं, मुलाकडे पाहिलं आणि मिटलं. तिनं वाक्य पूर्ण केलं. अण्णांच्या आयुष्यातलं हे पहिलं पूर्ण वाक्य, दुसऱ्याचं.

दोन महिन्यांनी या पहिल्या प्रयोगाचा तिचा अहवाल छापून आला. अण्णांनी तो बागेतल्या बाकावर नेला आणि निवृत्त पोस्टमास्तरांच्या मांडीवर ठेवला. "वाचा. माझा उल्लेख आहे."

पोस्टमास्तरांनी चष्मा पुसला. "'प्रयोगातील त्रुटींची संभाव्य कारणे. एक, हवेतील दमटपणा. दोन, घरातील ज्येष्ठ व्यक्ती.'" त्यांनी वर पाहिलं. "अहो, हे त्रुटींत आहे!"

"ते मलाही दिसतं," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "तिला सांगणार आहे मी. बत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला दमटपणाच्या खाली घालतात होय? सेवाज्येष्ठतेनं पहिला क्रमांक माझा."