वाचणारा जेवलेला नाय

आमच्या इमारतीतले नाना म्हात्रे पुस्तकं वाचत नाहीत, ऐकतात. आणि पुस्तक ऐकून झालं की त्यातल्या गोष्टीबद्दल बोलायच्या आधी ते वाचणाऱ्याच्या पोटाबद्दल बोलतात.

"पुस्तक बरं हाय," जिन्यात मला अडवून ते सांगतात, "पण वाचणारा जेवलेला नाय."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला काही कळलं नाही. मी "म्हणजे?" असं विचारलं. नानांना असं विचारायचं नसतं हे तेव्हा माहीत नव्हतं.

"म्हणजे काय गो बाय? सातव्या भागात आवाज खाली बसला ना त्याचा. राजा लढाईला निघाला आणि हा उपाशी. सैन्य हलंल कसं?"

नानांच्या मते वाचणारे तीन प्रकारचे. जेवलेला, न जेवलेला आणि भात जास्त झालेला. तिसऱ्या प्रकारचे बहुतेक तत्त्वज्ञानाची पुस्तकं वाचतात. वाचणारा कुठं पाणी प्यायला, कुठं त्यानं घड्याळ पाहिलं, कुठं त्याला पुस्तक आवडेनासं झालं, हे सगळं नाना सांगू शकतात. मी शाळेत भूगोल शिकवते. नानांचं हे बोलणं ऐकल्यापासून मधल्या सुट्टीत डबा न खाता तासाला जायची माझी हिंमत होत नाही.

पेणला आमची इमारत तीन मजल्यांची. नाना आणि काकी पहिल्या मजल्यावर, मी दुसऱ्या. नानांनी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत एकतीस वर्षं काढली, त्यातली सव्वीस कॉम्प्रेसर हाऊसमध्ये, मशिनींच्या धडधडाटात. निवृत्त झाल्यावर ते स्वयंपाकघरात काकींच्या मागं उभे राहून गॅस बारीक कर, मोठा कर, अशा सूचना देऊ लागले. तेव्हा पनवेलला दिलेल्या मुलीनं त्यांच्या फोनवर हे पुस्तकं ऐकायचं ॲप घालून दिलं. महिनाभरात नानांनी काकींना सोडलं आणि लेखकांना धरलं.

नाना हळू बोलू शकत नाहीत. जिन्यात ते माझ्याशी बोलतात ती तिन्ही मजल्यांची सभा असते. त्यामुळं आमच्या इमारतीत कुणीच पुस्तकं घेत नाही, पण सगळ्यांना शेवट माहीत असतात.

एकदा त्यांनी यशस्वी माणसांच्या सवयींचं एक पुस्तक ऐकलं. त्यात पहिलीच सवय होती, पहाटे चारला उठा, आयुष्य बदलेल.

"एकतीस वर्षं पहिल्या शिफ्टला पावणेचारला उठलो," नाना म्हणाले. "काय झालो? ऑपरेटर. पुस्तकवाल्याला सांग, पंधरा मिनिटं आधी उठून बघितलंय मी."

एका उद्योगपतीचं आत्मचरित्र त्यांनी दोन दिवसांत संपवलं आणि ते अस्वस्थ झाले. "पहिल्या भागात ह्यो गरीब. तिसऱ्या भागात ह्याच्या चार फॅक्टऱ्या. दुसऱ्या भागाचं लॉगबुक कुठं हाय?"

प्रेमकथेला त्यांचा विरोध नाही, पण दिरंगाईला आहे. चौदा तासांची एक कादंबरी ऐकून ते माझ्या दारात आले. "दोघं एकाच गावात ऱ्हातात. चौदा तास झाले गो, एक पण दुसऱ्याच्या घरी जाऊन इचारत नाय. आमची लाईन एवढी चोकअप झाली असती तर मेन्टेनन्सची मानसं घरनं उचलून आणली असती."

रहस्यकथेत त्यांनी तिसऱ्या भागातच खुनी ओळखला. डॉक्टर. शेवटी निघाला माळी. नाना डळमळले नाहीत. "पोलिसांनी चुकीचा मानूस धरलाय," त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं. "लेखकाच्या पण ध्यानात नाय आलं."

नाना एकच इअरफोन लावतात. दुसरा कान काकींसाठी मोकळा असतो. "तो नुसता दिसायला मोकळा," काकी म्हणतात.

फक्त एकदा मी नानांना एखाद्या पुस्तकावर न ओरडता बोलताना पाहिलं. ते पुस्तक मिठाबद्दल होतं. मीठ कुठून कुठं गेलं, त्यावरून कोण कुणाशी भांडलं, अशी सगळी माहिती त्यात होती. नानांचे वडील खाडीकडच्या मिठागरात राबलेले. वाचणाऱ्या बाईंचा आवाज मऊ होता आणि त्या मिठागराला 'शुभ्र स्फटिकांची स्वप्ननगरी' म्हणाल्या. नानांनी फोन बंद केला.

"बाबाच्या टाचंला ह्या एवढ्या भेगा होत्या," ते बोटाचं पेर दाखवत म्हणाले. "मीठ जायचं आत. आय खोबरेल गरम करून भरायची. तो वरडायचा नाय, नुसता पाय वढून घ्यायचा."

मग ते सगळं पुस्तक त्यांनी पहिल्यापासून परत ऐकलं. कुठंतरी पाय येतील म्हणून. पाय आले नाहीत.

गेल्या थंडीत नानांचा आवाज गेला. आधी घोगरा झाला, मग फाटला, मग नुसतीच हवा येऊ लागली. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, सूज आहे, तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. ऐकलं नाही तर आवाज कायमचा जाईल.

इमारत एकदम शांत झाली. दोन दिवस सगळ्यांना बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी खालचे जोशी विचारायला आले की नाना गावाला गेलेत का. चौथ्या दिवशी काकी माझ्याकडं येऊन बसल्या.

"घरात कोन हाय असं वाटतच नाय गो," त्या म्हणाल्या. "गॅस मोठा ठेवला तरी कोन बोलत नाय."

काकींनी नातवाची जुनी पाटी शोधून नानांना दिली. त्यावर नाना अभिप्राय लिहू लागले. पाटी लहान, अक्षर मोठं, त्यामुळं ते फार कडक टीकाकार झाले. एका ऐतिहासिक कादंबरीवर त्यांनी लिहिलं, 'लांब.' एका कवितासंग्रहावर, 'कळला. आवडला नाय.' अध्यात्मावरच्या सहा भागांच्या मालिकेवर एकच शब्द होता. 'भात.'

दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी संध्याकाळी, ते पाटी घेऊन माझ्या दारात उभे राहिले. पाटीवर लिहिलं होतं, 'उद्या शाळा?'

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी तसं सांगितलं. त्यांनी पाटी पुसून लिहिलं, 'रोह्याला चल. मोठा आवाज पायजे.'

नाना दर गुरुवारी रोह्याला जात, हे सगळ्यांना माहीत होतं. कंपनीचं काम आहे, असं ते सांगत. निवृत्त होऊन दहा वर्षं झालेल्या माणसाचं कंपनीत दर गुरुवारी काय काम असतं, हे कुणी विचारलं नव्हतं. मी त्यांच्यामागं जिन्यात उभ्या असलेल्या काकींकडं पाहिलं.

"जा," त्या म्हणाल्या. "मना ठाऊक हाय कुठं जातो. तो सांगत नाय, म्हणून मी इचारत नाय."

सकाळच्या गाडीत नानांनी दुसरा इअरफोन माझ्या कानात घातला आणि एका कादंबरीचे शेवटचे दोन भाग मला ऐकायला लावले. जहाजावर नोकरीला गेलेल्या एका मुलाची गोष्ट होती. वादळात जहाज बुडतं, मुलगा परत येत नाही, आई-वडील बंदरावर वाट पाहतात, संपलं. नागोठणं गेलं, निडी गेलं, तोवर मला रडू यायला लागलं. नाना खिडकीतून बाहेर बघत होते. मधेच त्यांनी पाटीवर लिहिलं, 'नीट ध्यानात ठेव.'

रोह्याला उतरून आम्ही नदीच्या बाजूला चालत गेलो. कौलारू, दोन खोल्यांचं घर होतं. दारात एक बाई उभ्या होत्या, आतल्या खाटेवर नानांच्याच वयाचे एक गृहस्थ भिंतीला टेकून बसले होते. ते मोरे. नानांबरोबर कॉम्प्रेसर हाऊसमध्ये सव्वीस वर्षं काम केलेले.

मोरेवहिनींनी चहा टाकता टाकता मला सांगितलं. साखरेनं मोऱ्यांचे डोळे गेले. कान कंपनीतच गेले होते. कानात घालायचं यंत्र आणलं, पण त्यातून शिट्टी वाजते म्हणून ते फळीवर पडून आहे. टीव्ही दिसत नाही, रेडिओ ऐकू येत नाही, बायकोचं बोलणं निम्मं कळतं.

"म्हात्रेभावजींचं मात्र सगळं कळतं," त्या म्हणाल्या. "त्या मशिनीच्या आवाजात दोघं बोलायचे ना इतकी वर्षं. तीन वर्षं झाली, दर गुरुवारी येतात. आठवड्याला एक पुस्तक ऐकून येतात आणि ह्यांना सांगतात."

नानांनी खाटेजवळ स्टूल ओढलं, मला बसवलं आणि मोऱ्यांच्या डाव्या कानाकडं बोट दाखवलं.

मी वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात सुरुवात केली. "एका बंदरावर एक गरीब पण स्वाभिमानी कुटुंब राहत होतं आणि त्यांचा एकुलता एक मुलगा..."

"कोन हाय?" मोरे दचकून म्हणाले. "म्हात्रे कुठं गेला?"

नानांनी त्यांचा हात धरला, आपल्या गळ्यावर ठेवला, मग आपल्या मिटलेल्या ओठांवर ठेवला. मोरे थोडा वेळ बोटं तशीच ठेवून बसले.

"घसा गेला व्हय?" ते म्हणाले. "तरी सांगत होतो, एवढा वरडू नको. मी काय बहिरा हाय?"

नानांनी पाटी माझ्यासमोर धरली. 'तोडून बोल.' मग, 'पोटातून.'

मी पुन्हा सुरुवात केली. "एक पोरगा होता."

"पोरगा होता," मोरे म्हणाले.

"जहाजावर गेला."

"जहाजावर गेला."

कंपनीत एकानं सूचना दिली की दुसऱ्यानं ती परत म्हणून दाखवायची, म्हणजे नीट पोचली हे कळतं. मोरे अजूनही तसंच करत होते. प्रत्येक वाक्य घेत होते, परत देत होते, मान हलवत होते. अर्ध्या तासात मला ती लय सापडली. बंदर सुटलं, पैशाची पत्रं आली, वादळ उठलं. मोरे पुढं सरकून बसले.

"जहाज बुडालं," मी म्हटलं.

"बुडालं," मोरे म्हणाले. त्यांनी खाटेची कड घट्ट धरली.

मी पुढचं वाक्य बोलायला श्वास घेतला. तेवढ्यात समोर बसलेले नाना दोन्ही हात जोरजोरात हलवायला लागले. त्यांनी घाईनं पाटीवर लिहिलं, 'पोरगा वाचतो.' मला कळेना. पुस्तकात तर तो बुडाला होता, आत्ताच गाडीत मी त्याच्यासाठी रडले होते. नानांनी खाली आणखी लिहिलं, 'घरी येतो,' आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

"भावजी सगळ्यांना घरी आणतात," मोरेवहिनी दारातून म्हणाल्या. हळू बोलायची गरज नव्हती, तरी त्या हळूच बोलल्या. "आमचा पोरगा संतोष आखातात हाय. पाच वर्षं झाली, आला नाय. फोन करतो. पण ह्यांना फोनवरचं ऐकू येत नाय."

मी नानांकडं पाहिलं. ते पाटी दोन्ही हातांनी छातीशी धरून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी मोऱ्यांच्या कानाशी वाकले.

"पोरगा वाचला."

"वाचला," मोरे म्हणाले.

"घरी आला."

हे मात्र त्यांनी परत म्हटलं नाही. मग त्यांनी विचारलं, "कोणत्या गाडीनं आला?"

त्या कादंबरीत रेल्वेच नव्हती. मी नानांकडं बघितलं. पाटी मांडीवर ठेवून तेही माझ्याच तोंडाकडं बघत होते.

"दुपारच्या," मी म्हटलं.

"लेट होती?"

"नाय. टायमावर."

"स्टेशनवर कोन गेलेलं आणायला?"

"बाप गेलता."

"एकटा?"

"नाय," मी म्हटलं. "दोस्ताला घेऊन."

"दोस्ताला घेऊन," मोरे म्हणाले, आणि चाचपत चाचपत त्यांनी नानांचा हात शोधला.