खट् की टक्?

एका जंगलात कॅमेऱ्यांविषयी बोलणारे प्राणी पुष्कळ होते. कॅमेरा मात्र एकट्या केसोपंत अस्वलाकडे होता. हसू नका पोरांनो, तुमच्या आईबाबांच्या ग्रुपवर याहून वेगळं काही चालत नाही.

कॅमेरा रोलचा होता. जुना, पण खणखणीत. जंगलातल्या निम्म्या बारशांचे फोटो त्यानंच काढलेले. पण एके दिवशी केसोपंतांना वाटलं, आपल्याला आता वरच्या दर्जाचा कॅमेरा हवा. का वाटलं, ते मला विचारू नका. त्यांनाही कुणी विचारलं नाही.

त्याच दिवशी तळ्यावरच्या यमुनाकाकू आल्या. काकू म्हणजे सारस पक्षीण. त्यांचे यजमान विसूकाका आजारी होते. कासववैद्यांनी नाडी बघून मान हलवली होती. आता फार दिवस नाहीत म्हणाले.

"केसोपंत, आमचा जोडीनं एक फोटो काढा हो," काकू म्हणाल्या. "सगळा जन्म बरोबर गेला, पण फोटो एकही नाही. हे गेले की मी बघू कशाकडे?"

"काढू की! नवा कॅमेरा येऊ दे."

"जुन्यानंच काढा."

"जुन्यात एकच फोटो उरलाय, काकू."

"मला एकच हवाय."

"छे छे! तुमचा फोटो असा जुन्यावर उरकायचा? मलाच लाज वाटेल."

आणि हे महाशय निघाले सल्ला विचारायला.

आधी गेले घोरपडे सरांकडे. सर म्हणजे घोरपड. त्यांनी आयुष्यात एकही फोटो काढला नव्हता, म्हणून सगळे त्यांना तज्ज्ञ म्हणत.

"गरुडाक्ष घ्या," सर डोळे मिटून म्हणाले. "बटण दाबलं की काय आवाज येतो! खट्! त्यात खानदान आहे."

"डोंबलाचं खानदान!" टिटवीबाई डोक्यावरून किंचाळत गेल्या. "घुबडाक्ष घ्या. त्याचा येतो टक्. ऐकणाऱ्याला कळतं, कुणीतरी जाणकार आलंय."

झालं! जंगलाची दोन शकलं झाली. खटवाले टकवाल्यांच्या पाणवठ्यावर फिरकेनात. एका सशानं भीतभीत विचारलं, "पण दोन्हींचे फोटो कसे येतात?" त्याला दोघांनी मिळून हाकलला. तेवढ्यापुरती त्यांची एकी झाली.

केसोपंत सकाळी खट् असायचे आणि संध्याकाळी टक्.

यमुनाकाकू रोज यायच्या. "ह्यांनी आज मान वर धरलीय. चला ना."

"एवढं लेन्सचं ठरू दे, काकू."

पुन्हा यायच्या. "आज नुसते डोळे उघडे आहेत. चला ना हो."

"झालंच बघा. पट्ट्याचा रंग तेवढा राहिलाय."

पट्ट्याचा रंग! मेल्याला काठीनं बडवायला हवा होता. मला सांगतानासुद्धा संताप येतो.

मग एक दिवस काकू आल्याच नाहीत. केसोपंतांना बरंच वाटलं. निवांत विचार करता आला. त्यांनी गरुडाक्ष पक्का केला.

नवा कॅमेरा आला. खोक्यातून काढला, पुसला, हुंगला. आता तो जंगलाला दाखवायचा, म्हणजे त्याचा फोटो हवा. पण नव्याचा फोटो नव्यानंच कसा काढणार? केसोपंतांनी जुना कॅमेरा उचलला आणि उरलेला तो एक फोटो नव्या कॅमेऱ्याचा काढला.

रोल धुऊन आला. घोरपडे सर "वा!" म्हणाले. टिटवीबाई न बघताच "भिकार!" म्हणाल्या. मग गळ्यात नवा कॅमेरा अडकवून स्वारी तळ्यावर गेली. काकू एकट्याच उभ्या होत्या.

"चला काकू, फोटो काढू. विसूकाका कुठायत?"

"गेले."

"अरेरे! थोडं थांबायला हवं होतं हो त्यांनी."

केसोपंतांना खरंच वाईट वाटलं. काकूंचं मन रमवावं म्हणून त्यांनी हातातला फोटो पुढे केला. "हा बघा नवा कॅमेरा. कड न् कड कशी स्वच्छ आलीय!"

काकूंनी फोटो बराच वेळ पाहिला.

"हा कशानं काढलात?"

"जुन्यानं."

"चांगले काढतो हो," काकू म्हणाल्या, आणि फोटो परत देऊन तळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

तात्पर्य : कॅमेरा घेताना घाई करू नये. ज्यांना घाई असते ते आपोआप निघून जातात. मग पट्ट्याचा रंग शांतपणे निवडता येतो.